घरामागचा ड्रेन साफ करायचाय? इंडियानात परमिट कुठं लागतं आणि कुठं माफ आहे

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात घर घेताना आम्ही शाळा बघितली, बेसमेंट बघितलं, छप्पर किती जुनं आहे ते विचारलं, आणि मागच्या कुंपणापलीकडं गवतानं भरलेला जो चर होता त्याच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. पहिला मार्च आला, बर्फ वितळला, वरनं पाऊस, आणि मागचं अंगण सगळं चिबड झालं. मी मूळचा वाळवा तालुक्यातला, चिबड जमीन मला नवीन नाही, पाय टाकला की चप्पल आत राहते. डोक्यात साधा हिशोब होता, शनिवारी शेजाऱ्याचा छोटा एक्स्कॅव्हेटर मागायचा, दोन तास चर खरडायचा, विषय संपला. शेजारी इथल्याच शेतात वाढलेला म्हातारा, तो म्हणाला मशीन खुशाल ने, पण आधी काउंटी सर्व्हेअरच्या ऑफिसला फोन कर, तो चर तुझा नाहीये.

जमीन माझी, टॅक्स माझा, आणि चर माझा नाही? हे पचायलाच मला आठवडा लागला. त्यानंतर जे वाचलं, विचारलं, फोन करून करून समजून घेतलं ते सगळं एका जागी लिहितोय, कारण कमिन्स या इंजिन कंपनीमुळं पुण्याची बरीच मंडळी इथल्या कोलंबसला आहेत, इंडियानापोलिसच्या आजूबाजूला तर आपले लोक भरपूर, आणि बऱ्याच जणांच्या घरामागं असलाच एक चर असतो. मी मेकॅनिकलवाला आहे, वकील नाही, आणि कायदे बदलतात, त्यामुळं मशीन लावायच्या आधी ऑफिसकडनं लेखी घ्याच.

थोडी पार्श्वभूमी, म्हणजे हे लोक एवढे नियम का करतात ते कळेल. हिमनदीनं सपाट करून ठेवलेली चिकणमातीची जमीन, पाणी जाणार कुठं? १७८० च्या सुमारास इंडियानात साधारण ५६ लाख एकर पाणथळ जमीन होती, १९८० च्या दशकात त्यातली साडेसात लाख एकर उरली. बाकीची चर खणून आणि जमिनीखाली मातीचे पाइप, ज्याला इथं टाइल म्हणतात, ते टाकून कोरडी केली आणि त्यावर मका-सोयाबीन आलं. आपल्याकडं शिरोळ-वाळव्यात उसाच्या क्षारपड रानात सच्छिद्र पाइप टाकतात ना, तेच, फक्त अख्ख्या राज्यावर. हे चर बुजले की रानं परत दलदल होणार, म्हणून ते साफ करायला सवलत आहे. आणि पाणथळ जागा एवढ्या कमी उरल्यात म्हणून त्या सवलतीला कुंपण आहे. ही ओढाताण लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी चर कुणाचा ते ठरवा

इथं साधारण चार प्रकार पडतात. रेग्युलेटेड ड्रेन, म्हणजे काउंटीच्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) ड्रेनेज बोर्डाच्या ताब्यातला. म्युच्युअल ड्रेन, म्हणजे दोन किंवा जास्त मालकांनी आपसात संमतीनं केलेला. प्रायव्हेट ड्रेन, एकट्याच्या जमिनीपुरता. आणि चौथा नैसर्गिक ओढा, जो कुणी खणलेलाच नाही. बघताना चारही सारखेच दिसतात, गवत, चिखल आणि बेडूक, त्यामुळं डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

सगळ्यात सोपी खूण तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात असते. १० मे आणि १० नोव्हेंबरला जे हप्ते भरतो त्या बिलावर टॅक्सशिवायचे जे इतर आकार असतात तिथं ड्रेनचं नाव आणि एक रक्कम दिसली तर तुम्ही त्या ड्रेनच्या पाणलोटात आहात, गंमत म्हणजे ड्रेन तुमच्या दारात असायलाच हवा असं नाही. मी दोन वर्षं ते पैसे भरत होतो आणि मला वाटायचं कचऱ्याचे असतील. मग काउंटीच्या ऑनलाइन नकाशावर ड्रेनचा लेयर चालू करून बघा, आणि शेवटी काउंटी सर्व्हेअरच्या ऑफिसला फोन. हा सर्व्हेअर निवडून आलेला माणूस असतो, ड्रेनेज बोर्डावर तो बसतो पण त्याला मत नसतं, तांत्रिक बाजू मात्र पूर्ण त्याची.

रेग्युलेटेड निघाला तर, आणि आमचा तसाच निघाला, आयसी (म्हणजे इंडियाना कोड, राज्याचे कायदे) ३६-९-२७ हा ड्रेनेजचा कायदा लागू होतो, आणि त्यातली घरवाल्यांना झोंबणारी गोष्ट म्हणजे ७५ फूट. उघड्या ड्रेनच्या काठाच्या वरच्या कडेपासून दोन्ही बाजूला ७५ फूट आणि जमिनीखालच्या टाइलच्या मध्यरेषेपासून ७५ फूट, एवढ्या पट्ट्यात काउंटीला यायचा हक्क आहे. तिथं बोर्डाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम नाही, झाडंझुडपं लावायची नाहीत, पीक लावलं आणि मशीन त्यावरनं गेलं तर भरपाई मागायची नाही. शहरी भागात बोर्ड हा पट्टा कमी करू शकतं, उघड्या ड्रेनला २५ फुटांपर्यंत आणि टाइलला १५ फुटांपर्यंत, म्हणून नव्या कॉलनीत आकडा वेगळा दिसेल. आमच्या ओळखीतल्या एकानं हौसेनं पारिजातकाची आठवण म्हणून मागं लायलॅकची रांग लावली होती, ती बरोब्बर पट्ट्यात. काय झालं असेल ते ओळखा.

आणि हो, रेग्युलेटेड ड्रेन आपण होऊन साफ करायचा नाही. तो साफ करणं बोर्डाचं काम आहे आणि त्याचेच पैसे तुमच्या बिलात आहेत. तुम्ही सर्व्हेअरकडं लेखी तक्रार टाका, फोटोसकट, ते येऊन बघतील. आपली छोटी टाइल त्याला जोडायची असेल तरी आधी तिथं अर्ज.

दोन आकडे: १ आणि १०

आता मुख्य मुद्दा. इंडियानात १९४५ पासून पूर नियंत्रणाचा कायदा आहे, आणि त्याखाली फ्लडवेमध्ये, म्हणजे पूर आला की पाणी ज्या पट्ट्यातनं धावतं तिथं, काही बांधायचं, भर टाकायची किंवा खणायचं असेल तर डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याच्या, डिव्हिजन ऑफ वॉटरचं परमिट लागतं.

पहिला आकडा १ चौरस मैल. तुमच्या जागेच्या वर जेवढ्या जमिनीचं पाणी त्या चरात येतं ते पाणलोट क्षेत्र १ चौरस मैलापेक्षा, म्हणजे ६४० एकरांपेक्षा, कमी असेल तर डीएनआरचा फ्लडवेचा विषयच येत नाही. हे मोजायला यूएसजीएस या केंद्राच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचं स्ट्रीमस्टॅट्स नावाचं वेबपेज फुकट आहे, नकाशावर चरावर क्लिक करायचं आणि ते वरचं सगळं क्षेत्र रंगवून आकडा देतं. सपाट प्रदेशात ते कधीकधी गंडतं कारण टाइलनं पाणी टेकाडाच्या पलीकडनं पण येतं, तर आकडा काठावर असेल, म्हणजे ०.९ वगैरे, तर उड्या मारू नका, डीएनआरच्या फ्लडप्लेन पोर्टलवरनं ई-फारा नावाची विनंती टाका, ती पण फुकट आहे आणि उत्तर लेखी येतं.

दुसरा आकडा १० मैल, आणि इथंच सगळे घसरतात, मी पण घसरलो. आयसी १४-२८-१-२२ मध्ये लिहिलंय की ओढा किंवा उघडा रेग्युलेटेड ड्रेन, ज्याची एकूण लांबी १० मैलांपेक्षा जास्त नाही, त्याच्यावरच्या रिकन्स्ट्रक्शन किंवा मेंटेनन्सच्या कामाला हे परमिट नको. मी वाचलं आणि खूष झालो, माझ्या हद्दीतला चर जेमतेम ४०० फूट, १० मैल कुठले! सर्व्हेअरच्या ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुमची लांबी नाही विचारत, ओढ्याची विचारतात.

म्हणजे तुम्ही १० फूट खरडा नाहीतर १० मैल खरडा, बघायचं ते अख्ख्या ओढ्याकडं. मोजायचं कसं तेही कायद्यातच सांगितलंय. ओढा ज्या मोठ्या प्रवाहाला मिळतो त्या संगमापासून सुरुवात करायची आणि उगमाकडच्या टोकापर्यंत जायचं, आणि टोक म्हणजे यूएसजीएसच्या साडेसात मिनिटांच्या (ही मिनिटं अक्षांश-रेखांशाची) नकाशाच्या सगळ्यात नव्या आवृत्तीवर जिथं निळी किंवा जांभळी रेघ संपते ते, रेघ सलग असो की तुटक. आणि सरळ रेषेत नाही, नकाशावर जशी वळणं आहेत तशी वळणावळणानं. मी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर मोजलं तेव्हा कंटाळून लांब लांब क्लिक केले, ९.४ मैल आले. दुसऱ्यांदा बायकोला शेजारी बसवून प्रत्येक वळणावर क्लिक केलं, १०.६. एवढ्या फरकानं तिथली सवलत गेली. ही लांबी माझ्या चराची नाही बरं का, तो ज्याला मिळतो त्या ओढ्याची, जिथं आमचं दुसरं झेंगट होतं, ते पुढं येईल. माझा चर स्वतः ३ मैलांच्या आत आहे.

कधीकधी काउंटीच्या यादीत ड्रेनचं एक नाव असतं, ते पुलापाशी संपतं, आणि पुढं तीच निळी रेघ दुसऱ्या नावानं क्रीक म्हणून जाते. तिथं नावावर जाऊ नका, डिव्हिजनला नकाशा पाठवून कुठनं कुठपर्यंत मोजायचं ते विचारून घ्या.

सवलतीतला ‘मेंटेनन्स’ आणि ‘रिकन्स्ट्रक्शन’ हे शब्द आपल्या मनाप्रमाणं घ्यायचे नाहीत, त्यांचा अर्थ ड्रेनेजच्या कायद्यातनं येतो. मेंटेनन्स म्हणजे गाळ काढणं, झुडपांवर फवारणी, अडथळा काढणं, किरकोळ डागडुजी, जेणेकरून ड्रेन ज्यासाठी केला होता ते काम परत करेल. रिकन्स्ट्रक्शन म्हणजे ड्रेन मूळ आराखड्याप्रमाणं उरला नाही किंवा आजूबाजूची परिस्थिती बदलल्यानं अपुरा पडतोय, म्हणून मोठं काम. त्यामुळं तिथं तलाव करायचा, काठाला दगडी भिंत बांधून बसायला ओटा करायचा, चर दहा फूट सरकवून अंगण मोठं करायचं, हे यात बसत नाही, कितीही प्रेमानं समजावलं तरी. आणि बोर्डाच्या बाहेर तुम्ही स्वतःच्या खिशातनं नैसर्गिक ओढ्यावर काम करणार असाल तर ही सवलत आपल्याला लागू आहे असं गृहीत धरू नका, लेखी विचारा.

अजून एक फट आहे. १० एकर किंवा मोठ्या गोड्या पाण्याच्या तलावापासून अर्ध्या मैलाच्या आत, तलावाच्या नेहमीच्या पाणीपातळीपेक्षा खोल तळाचा चर असेल तर वेगळा कायदा लागतो, आयसी १४-२६-५, तिथं १० मैलांची सवलत कामाची नाही. उत्तर इंडियानात, जिथं तलावच तलाव आहेत, तिकडच्यांनी हे आधी बघा.

राज्यानं सोडलं तरी आर्मी कोअर आहे

एका ऑफिसनं ‘परमिट नको’ म्हटलं म्हणजे सगळ्यांनी म्हटलं असं नसतं. डीएनआर बघतं पुराच्या नजरेनं. केंद्राचा क्लीन वॉटर अॅक्ट, १९७२ चा, त्याचं कलम ४०४, ते बघतं पाण्यात आणि पाणथळीत काय टाकताय ते, आणि ते सांभाळतात आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, म्हणजे लष्कराचं अभियंता दल. इंडियानाचा बराच भाग लुईव्हिल डिस्ट्रिक्टकडं, उत्तरेचा डेट्रॉइटकडं आणि वायव्येचा कोपरा शिकागोकडं.

त्यांच्याकडं पण सवलत आहे, ४०४(एफ) मध्ये, ड्रेनेजचा चर मेंटेन करायला परमिट नको. पण फरक बघा. राज्याची सवलत मेंटेनन्स आणि रिकन्स्ट्रक्शन दोन्हीला आहे, कोअरची फक्त मेंटेनन्सला. म्हणजे मूळ रुंदी-खोलीपर्यंत आणायचा, त्याच्या पुढं इंचभर नाही. काउंटीनं रिकन्स्ट्रक्शन म्हणून ड्रेन दोन फूट खोल केला तर डीएनआर गप्प बसेल, कोअर बसेलच असं नाही. वर एक ‘रिकॅप्चर’ची अट आहे, काम मेंटेनन्सचं म्हणून दाखवून त्या पाण्याचा वापर बदलायचा आणि पाणथळ सुकवायची असा डाव असेल तर सवलत परत काढून घेतात.

मग मूळ माप कुठनं आणायचं? रेग्युलेटेड ड्रेन असेल तर सर्व्हेअरकडं जुने आराखडे असतात. आमच्या ड्रेनची शीट मला दाखवली, शाईनं काढलेली, तळ ४ फूट रुंद आणि बाजूचा उतार दीडास एक. आज तिथं तळ कुठला, सगळं रीड कॅनरी ग्रास आणि मस्करॅटची, म्हणजे पाण्यातल्या मोठ्या उंदरांची, बिळं. प्रायव्हेट चराला कागद नसेल तर गाळाखालचा कडक थर कुठं लागतो ते, जुना कल्व्हर्टचा (मोरीचा) पाइप किती खोल आहे ते, टाइलचं तोंड कुठल्या उंचीवर आहे ते, ही सगळी पुराव्याची कामं करतात.

काढलेला गाळ कुठं टाकता हे पण तितकंच महत्त्वाचं. कोरड्या उंच जागी पसरला तर ठीक, काठालगतच्या पाणथळीत ढकलला तर ती भर झाली, आणि भरीला परमिट. २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं सॅकेटच्या केसमध्ये केंद्राची हद्द बरीच आवळली, त्यामुळं फक्त पावसानंतर वाहणारे कितीतरी चर आता केंद्राच्या बाहेर असतील, पण आपला चर बाहेर आहे हे आपण ठरवायचं नाही, कोअरकडनं ठरवून घ्यायचं. सवलतीत बसलं नाही तरी लगेच घाबरायचं नाही, कोअरचं नेशनवाइड परमिट ४१, म्हणजे देशभरासाठी आधीच काढून ठेवलेलं सर्वसाधारण परमिट, हे जुने ड्रेनेज चर नीट आकारात आणण्यासाठीच आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. कोअरचं परमिट लागलं तर आयडेमचं, म्हणजे राज्याच्या पर्यावरण खात्याचं, पाण्याच्या गुणवत्तेचं ४०१ सर्टिफिकेट लागतं, नाही लागलं तर ते पण नाही. एक एकर किंवा जास्त जमीन उकरणार असाल तर आयडेमचं कन्स्ट्रक्शन स्टॉर्मवॉटरचं, म्हणजे कामाच्या जागेवरनं वाहणाऱ्या पावसाच्या पाण्याचं, परमिट बघा. केंद्राच्या हद्दीबाहेरच्या पाणथळीला राज्याचा वेगळा कायदा आहे. गावाचा किंवा काउंटीचा फ्लडप्लेन ऑर्डिनन्स, म्हणजे पूरक्षेत्राचा स्थानिक नियम, असतो, तिथं एक फोन. आणि कुणी शेतजमीन घेऊन ती कसायला दिली असेल तर यूएसडीएचा, म्हणजे केंद्राच्या शेती खात्याचा, एडी-१०२६ फॉर्म काम सुरू करायच्या आधी भरा, २३ डिसेंबर १९८५ ला ड्रेनेज जेवढं होतं त्यापेक्षा वाढवून पाणथळ पिकाखाली आणली तर अनुदान आणि पीकविम्याच्या हप्त्यातली मदत दोन्ही जाऊ शकतं.

प्रत्यक्ष काम

सगळीकडनं हिरवा कंदील आला तरी एप्रिल ते जून पाण्यात उतरू नका, माशांचा विणीचा काळ, डीएनआरच्या परमिटांवर १ एप्रिल ते ३० जून हीच अट असते, सवलत असली तरी पाळलेली बरी. तसंच साल सुटलेली मोठी झाडं १ एप्रिल ते ३० सप्टेंबर पाडायची नाहीत, त्या सालीखाली इंडियाना वटवाघळं राहतात आणि ती संरक्षित आहेत. मग उरतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबर, मका निघालेला असतो, पाणी कमी, जमीन मशीन पेलते. आमचं काम तेव्हाच झालं.

खणायच्या आधी ८११ या फोन नंबरला कळवा, दोन पूर्ण कामाचे दिवस आधी, फुकट आहे, ते गॅस आणि केबलच्या जागी रंग मारून जातात. पण खाजगी टाइल ते दाखवत नाहीत. ती आपली आपण शोधायची. आमच्याकडं काउंटीचा मशीनवाला आला तेव्हा शेजारी म्हातारा काठी घेऊन काठाकाठानं चालत होता, एका जागी गवत बाजूला केलं तर आत भाजलेल्या मातीचं, विटकरी रंगाचं आठ इंची तोंड, अर्धं मातीनं बुजलेलं, त्यातनं बोटभर धार. तो म्हणाला हे माझ्या आजोबांनी टाकलंय, त्यानं तिथं एक झेंडा रोवला. तो झेंडा नसता तर बकेटनं ते तोंड उखडलंच असतं आणि दोन शेतांचं पाणी तुंबलं असतं.

काम एकाच काठावरनं करायचं, मशीन वरच उभं, पाण्यात नाही, समोरच्या काठाची झाडं आणि गवत तसंच ठेवायचं. खालनं वर यायचं, म्हणजे संगमाच्या बाजूनं उगमाकडं, नाहीतर साफ केलेल्या जागी परत पाणी तुंबतं. गाळ पसरून सपाट करायचा, काठावर बांध करून ठेवायचा नाही, तसा ठेवला की शेतातलं पाणी ड्रेनमध्ये यायचं थांबतं आणि मग साफ कशाला केला! उघडी माती त्याच आठवड्यात पेरून वर पेंढा, कारण एक जोराचा पाऊस आला की सगळं परत तळाला.

ते दुसरं झेंगट. आमचा चर ज्या ओढ्याला मिळतो, तो १० मैलांवरचा, तिथं वादळात एक सिल्व्हर मेपल आडवा पडला आणि त्याला काड्या, प्लास्टिक, एक लॉन चेअर असं सगळं अडकून बांधच झाला. तिथं १० मैलांची सवलत नाही. पण वाहून आलेल्या लाकडाचा असा गठ्ठा काढायला डीएनआरची वेगळी जनरल लायसन्सची सोय आहे, अटी पाळल्या तर स्वतंत्र परमिट नको. आम्ही आधी विचारलं, मग फक्त सुटं लाकूड चेनसॉनं कापून विंचनं ओढून पुराच्या पट्ट्याच्या बाहेर नेलं, तळाला हात लावला नाही आणि काठात मुळं धरून असलेलं खोड तसंच ठेवलं. तळ खणला असता तर ते वेगळं काम झालं असतं, परमिटचं.

आणि अडथळा खालच्या शेजाऱ्याच्या जमिनीत असेल, तो काढत नसेल तर? भांडू नका. म्युच्युअल ड्रेन किंवा नैसर्गिक ओढ्यातल्या अडथळ्यासाठी आयसी ३६-९-२७.४ खाली ड्रेनेज बोर्डाकडं अर्ज करता येतो. आधी त्याला नीट सांगून, विनंती करून बघायचं, ते केलंय हे अर्जात दाखवावं लागतं, मग बोर्ड सर्व्हेअरकडनं तपासून सुनावणी घेतं. मुद्दाम केलेला अडथळा असेल तर खर्च त्याच्यावर येऊ शकतो.

कागद

एक साधी फाइल करा. त्यात स्ट्रीमस्टॅट्सचा आकडा, नकाशावर मोजलेली लांबी आणि कुठनं कुठं मोजली ते, मूळ मापांची शीट, आधीचे फोटो ज्यात काहीतरी मापाचं दिसतंय, मी बायकोचा स्वयंपाकघरातला स्टूल उभा करून काढले आणि बोलणी खाल्ली. मग ईमेल. फोनवर कुणी ‘चालेल’ म्हटलं की त्याच दिवशी ईमेल टाकायचा, की आज आपलं बोलणं झालं, अमुक ठिकाणी, अमुक फूट लांबीत, मूळ खोलीपर्यंतच गाळ काढणार, गाळ अमुक जागी पसरणार, याला परमिट लागत नाही असं मला समजलं, चुकत असेल तर कळवा. माझ्या एका मेलला सहा आठवडे उत्तर नव्हतं, ऑफिसचं नाव घेत नाही, पण मी थांबलो, आणि उत्तर आलं त्यात गाळ टाकायची जागा बदलायला सांगितली होती, कारण मी ज्याला पडीक कोपरा म्हणत होतो तो त्यांच्या नकाशात पाणथळ होता.

आता मार्चमध्ये अंगण दोन-तीन दिवसांत वाळतं. बिलात ड्रेनचे पैसे अजून येतात, ते कचऱ्याचे नाहीत एवढं कळलंय.